विश्लेषण : संघात निवड झाली, पण खेळायला किती मिळणार? तरुण खेळाडूंच्या संधीचा अंदाज कसा बांधतात?

वाशीम, रिसोड किंवा कारंजा येथील एखाद्या मुलाची वयोगटाच्या संघात निवड होते. चौकात अभिनंदनाचा फलक लागतो आणि पुढच्याच आठवड्यात घरात हिशेब सुरू होतो. नागपूर किंवा पुण्यात खोली घ्यायची, खाणावळ लावायची, बूट-बॅटचा खर्च उचलायचा आणि त्यात दहावी-बारावीचे वर्षही सांभाळायचे. सोयाबीनच्या भावावर वर्षाचे गणित मांडणाऱ्या कुटुंबासाठी हा निर्णय सोपा नसतो. या हिशेबात एक प्रश्न मात्र अनेकदा सुटून जातो. मुलगा संघात असेल, पण त्याला प्रत्यक्ष खेळायला किती मिळेल? अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये याच प्रश्नाचे उत्तर आकडेवारीतून शोधले जाते. ते कसे, त्याच्या मर्यादा काय आणि विदर्भातील खेळाडूंना ते कितपत लागू पडते, याचा आढावा.

खेळण्याचा वेळ का मोजतात?

अमेरिकेतील मेजर लीग सॉकर अर्थात एमएलएसमध्ये प्रत्येक संघ साखळीत ३४ सामने खेळतो. एक सामना ९० मिनिटांचा. म्हणजे एका खेळाडूला हंगामात जास्तीत जास्त ३,०६० मिनिटे मिळू शकतात. संघातील ११ जागांचा विचार केला, तर वाटण्यासाठी एकूण ३३,६६० मिनिटे असतात. ही शिदोरी ठरलेली आहे. एकाची मिनिटे वाढली, की दुसऱ्याची कमी होतात. क्लबकडे मात्र तीसच्या आसपास खेळाडू असतात आणि प्रत्येकाला खेळायचे असते.

सरावात तंत्र सुधारते, ताकद वाढते. पण सामन्याचा वेग, प्रेक्षकांचा दबाव, चूक झाल्यावर पुढच्या मिनिटाला सावरणे या गोष्टी सामन्यातच शिकता येतात. १८ ते २२ या वयात वर्षभर बाकावर बसणे म्हणूनच महागात पडते. निवड समितीला, दुसऱ्या क्लबला किंवा राष्ट्रीय प्रशिक्षकाला दाखवायला खेळाडूकडे काही उरत नाही. म्हणून तरुण खेळाडूच्या प्रगतीचे पहिले माप म्हणून गोल किंवा धावांच्या आधी त्याने खेळलेली मिनिटे पाहिली जातात.

दिल्लीतील एका सामन्यानंतर कोणाचे काय झाले?

हा प्रश्न किती अवघड आहे, हे समजण्यासाठी ६ ऑक्टोबर २०१७ चा दिवस पाहता येईल. भारतात झालेल्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात यजमान भारताची पहिली लढत दिल्लीत अमेरिकेशी होती. त्याच्या तीन आठवडे आधी, १५ सप्टेंबरला, ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ उपक्रमात राज्यभरातील शाळांच्या मैदानांवर मुलांनी फुटबॉल खेळला होता. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिकेने सामना ३-० असा जिंकला. गोल करणारे तिघे होते : जोश सार्जंट, ख्रिस डर्किन आणि अँड्र्यू कार्लटन.

त्या दिवशी तिघेही जवळपास एकाच पायरीवर होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. सार्जंट १८ वर्षांचा होताच जर्मनीतील वेर्डर ब्रेमेनकडे गेला आणि तेथून २०२१ मध्ये इंग्लंडच्या नॉर्विच सिटीकडे. डर्किन वॉशिंग्टनच्या डीसी युनायटेडकडून खेळला, बेल्जियममध्ये गेला आणि पुन्हा एमएलएसमध्ये परतला. कार्लटन हा अटलांटा युनायटेडने करारबद्ध केलेला पहिला स्थानिक तरुण खेळाडू. त्याच्याबद्दलच्या अपेक्षा मोठ्या होत्या. परंतु त्याच्या जागेच्या आसपास मिगेल अल्मिरॉन, जोसेफ मार्टिनेझ यांच्यासारखे खेळाडू होते. २०१८ मध्ये मोठी रक्कम मोजून एझेकियेल बार्को आला. त्याच वर्षी अटलांटाने एमएलएस करंडक जिंकला. संघ जिंकत असताना तरुणाला संधी देण्याची घाई कोणत्याच प्रशिक्षकाला नसते. कार्लटनच्या वाट्याला एमएलएसमधील मोजकेच सामने आले आणि नंतर तो खालच्या स्तरावरील क्लबकडून खेळू लागला.

अनिकेतची वाट आणखी वेगळी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये केवळ तरुणांना सामने मिळावेत म्हणून एक संघ उभा केला होता. हा संघ इंडियन ॲरोज. विश्वचषकानंतर त्या चमूतील अनेकांना या संघातून थेट आय-लीगमध्ये उतरवण्यात आले. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी ॲरोजने चेन्नई सिटीला ३-० असे हरवले. त्यात अनिकेतचे दोन गोल होते. पुढे तो जमशेदपूर आणि हैदराबाद या आयएसएल क्लबकडे गेला. ॲरोजमध्ये त्याच्यापुढे रांगेत कोणी परदेशी आघाडीपटू नव्हता. हा संघ २०२२ मध्ये बंद करण्यात आला.

अंदाज कशावरून बांधतात?

पुढील हंगामात एखादा तरुण किती मिनिटे खेळेल, हे सांगताना विश्लेषक साधारण पाच-सहा गोष्टी पाहतात. पहिली, गेल्या हंगामातील मिनिटे. ज्याला प्रशिक्षकाने काल खेळवले, त्याला उद्या खेळवण्याची शक्यता जास्त, हा सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी नियम. दुसरी, वय. १७ व्या वर्षी मिळालेली ५०० मिनिटे आणि २३ व्या वर्षी मिळालेली ५०० मिनिटे यांचा अर्थ वेगळा असतो. तिसरी, जागा. गोलरक्षक एकच खेळतो आणि सहसा बदलला जात नाही, त्यामुळे तरुण गोलरक्षकाची प्रतीक्षा लांबते. आघाडीपटूला बदली खेळाडू म्हणून शेवटची १५-२० मिनिटे मिळू शकतात. पाच बदली खेळाडूंचा नियम आल्यापासून ही दारे थोडी अधिक उघडली आहेत.

चौथी गोष्ट म्हणजे रांग. त्याच जागेवर पुढे कोण आहे, त्याचे वय काय, त्याचा करार कधी संपतो? पाचवी, प्रशिक्षक. काही प्रशिक्षक तरुणांना धाडसाने उतरवतात, काही अनुभवावर विसंबतात. प्रशिक्षक बदलला, की आधीचा अंदाज बराचसा कालबाह्य होतो. सहावी, दुखापतींचा इतिहास.

यात एक सावधगिरी बाळगली जाते. समजा, १९ वर्षांचा एक मध्यरक्षक हंगामातील शेवटचे चार सामने पूर्ण खेळला, म्हणजे ३६० मिनिटे. तोच वेग धरला तर पुढच्या हंगामात तो सर्व ३,०६० मिनिटे खेळेल, असा हिशेब निघतो. कोणताही जाणकार तो मान्य करणार नाही. तो त्याच वयाच्या, त्याच जागेवरच्या आधीच्या खेळाडूंना सरासरी किती मिनिटे मिळाली, हे पाहील. समजा, ती सरासरी ९०० असेल. पुरावा फक्त चार सामन्यांचा असल्याने अंदाज ३,०६० पेक्षा ९०० च्या बराच जवळ ठेवला जाईल. तोच खेळाडू २० सामने खेळला असता, तर त्याच्या स्वतःच्या आकड्याला जास्त वजन मिळाले असते. थोडक्यात, पुरावा कमी असेल तेव्हा गटाच्या सरासरीकडे झुकायचे आणि पुरावा वाढत जाईल तसे खेळाडूकडे. उत्तरही एका आकड्यात देण्याऐवजी ‘इतक्या ते इतक्या मिनिटांदरम्यान’ असे दिले जाते.

महागड्या खेळाडूला जास्त संधी मिळते का?

बऱ्याचदा मिळते आणि तीही कामगिरीशी संबंध नसताना. बॅरी स्टॉ आणि हा होआंग या संशोधकांनी १९९५ मध्ये अमेरिकी बास्केटबॉलचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९८० ते १९८६ दरम्यान एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडलेले खेळाडू त्यांनी तपासले. मैदानावरील कामगिरी सारखी असली, तरी ज्याची निवड आधीच्या क्रमांकावर झाली होती त्याला जास्त वेळ खेळवले जात होते, असे त्यांना आढळले. अशा खेळाडूची कारकीर्दही अधिक लांबत होती. एकदा मोठी किंमत मोजली, की निवड चुकली हे कबूल करणे संघाला जड जाते.

याचा उलटा अर्थ लहान गावातून आलेल्या मुलासाठी महत्त्वाचा आहे. कमी रकमेत घेतलेल्या खेळाडूला पहिली संधी उशिरा मिळते आणि ती हुकली तर दुसरी मिळायला आणखी उशीर होतो.

नियम बदलले तर जागा तयार होतात का?

काही प्रमाणात होतात. एमएलएसने २००८ मध्ये स्थानिक अकादमीतील खेळाडूंना थेट करारबद्ध करण्याचा नियम आणला. २०२१ मध्ये २२ वर्षांखालील खेळाडूंसाठी वेतनमर्यादेत सवलत आली. मात्र ती परदेशी तरुणांनाही लागू असल्याने कधी कधी स्थानिक मुलाच्या जागेवर बाहेरचा तरुण येतो. २०२२ मध्ये एमएलएस नेक्स्ट प्रो ही खालच्या स्तरावरील स्पर्धा सुरू झाली. मुख्य संघात जागा नसलेल्या मुलाला तेथे पूर्ण ९० मिनिटे मिळू शकतात.

भारतात आयएसएलने २०२१-२२ पासून मैदानावरील परदेशी खेळाडूंची संख्या चारवर आणली, म्हणजे किमान सात भारतीय खेळू लागले. आयपीएलमध्येही अंतिम ११ मध्ये चारपेक्षा जास्त परदेशी खेळाडू नसतात. २०२३ पासूनच्या ‘इम्पॅक्ट प्लेयर’ नियमाने बारावी जागा तयार केली. तरीही २५ जणांच्या चमूत निम्म्याहून अधिक खेळाडू सामन्याच्या दिवशी बाहेरच असतात.

विदर्भात हे गणित कसे दिसते?

वाशीमच्या मुलासाठी व्यावसायिक खेळाची सर्वांत जवळची शिडी क्रिकेटची आहे. ती विदर्भ क्रिकेट संघटनेच्या वयोगट संघांतून रणजी संघापर्यंत जाते. क्रिकेटमध्ये मिनिटे मोजत नाहीत. सामने, खेळलेले चेंडू आणि टाकलेली षटके मोजावी लागतात. सातव्या क्रमांकाच्या फलंदाजाला सामना मिळूनही फलंदाजी मिळेलच असे नाही.

रणजीच्या एलिट गटात प्रत्येक संघाला साखळीत सात सामने मिळतात. ११ खेळाडूंच्या हिशेबाने एकूण ७७ जागा. आठ प्रस्थापित खेळाडू सर्व सामने खेळले, तर ५६ जागा भरल्या. उरल्या २१. त्यांच्यासाठी सहा तरुण रांगेत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन सामने येतात. त्यात बाहेरच्या राज्यातील खेळाडू घेण्याचीही मुभा असते.

जागा कशी उघडते, याची उदाहरणे याच संघात आहेत. २०१७-१८ च्या रणजी करंडकाची अंतिम लढत २९ डिसेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये दिल्लीविरुद्ध सुरू झाली. उमेश यादव तेव्हा भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर होता. अकोल्याच्या आदित्य ठाकरेने थेट त्या अंतिम सामन्यात प्रथम श्रेणी पदार्पण केले. वाशीम १ जुलै १९९८ पूर्वी ज्या जिल्ह्याचा भाग होता, तोच हा अकोला. विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि काही दिवसांतच ठाकरेला न्यूझीलंडमधील १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी बोलावणे आले.

दुसरे उदाहरण २०२४-२५ चे. डावखुरा फिरकी अष्टपैलू आदित्य सरवटे विदर्भ सोडून केरळकडे गेला. त्याच प्रकारची गोलंदाजी करणाऱ्या हर्ष दुबेवर मोठी जबाबदारी आली. २२ वर्षांच्या दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामातील हा विक्रम ठरला. अंतिम लढतीत विदर्भासमोर केरळ होता आणि केरळकडून सरवटे खेळत होता. पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक पटकावला.

त्याच सामन्यात २१ वर्षांच्या दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. हा त्याचा पहिलाच रणजी हंगाम होता. विदर्भाची अवस्था ३ बाद २४ असताना त्याने करुण नायरसोबत २१५ धावांची भागीदारी केली. नायर कर्नाटकातून आलेला. बाहेरचा अनुभवी खेळाडू एक जागा अडवतो, हे खरे. पण तोच समोर उभा राहून नवख्या खेळाडूला सावरतो, हेही या सामन्यात दिसले.

बाकावर गेलेल्या वर्षांचे काय?

अमरावतीचा जितेश शर्मा २०१६ आणि २०१७ मध्ये मुंबई इंडियन्सच्या चमूत होता. त्याला एकही सामना मिळाला नाही. पुढची आयपीएल संधी यायला २०२२ उजाडले. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. वर्ध्याचा दर्शन नळकांडे २०१९ पासून तीन हंगाम पंजाबच्या संघात होता आणि तोही बाहेरच राहिला. २०२२ मध्ये गुजरात टायटन्सकडून ८ एप्रिलला त्याने पदार्पण केले. समोर पंजाब होता. नळकांडेने लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोन बळी घेतले आणि त्यातील पहिला होता जितेश शर्मा. अनेक हंगाम संधीची वाट पाहिलेले विदर्भाचे दोन खेळाडू त्या दिवशी एकमेकांसमोर होते.

जितेशला पुढे बंगळूरुने ११ कोटी रुपयांत घेतले. मे २०२५ मध्ये लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून त्याने २२८ धावांचे लक्ष्य गाठून दिले आणि त्या वर्षी बंगळूरुने पहिले विजेतेपद मिळवले. २०१७ मध्ये कोणी आकडेवारीवरून अंदाज बांधला असता, तर त्यात हे दिसले नसते. मधल्या काळात जितेश विदर्भाकडून देशांतर्गत सामने खेळत राहिला, ही यातील महत्त्वाची बाब. वरच्या संघात बाकावर असताना खालच्या स्तरावर खेळायला मिळत असेल, तर ती वर्षे वाया जात नाहीत.

अंदाज कुठे चुकतो?

पहिली चूक वयाची. वयोगट स्पर्धेत कटऑफनंतर लगेच जन्मलेली मुले इतरांपेक्षा जवळपास वर्षभराने मोठी असतात. कॅनडातील आइस हॉकीत जानेवारी ते मार्चदरम्यान जन्मलेले खेळाडू प्रमाणापेक्षा जास्त असल्याचे रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये दाखवले. १४ व्या वर्षी उंची आणि ताकदीमुळे मिळालेली संधी पुढे कौशल्य समजली जाते. उशिरा वाढणारा मुलगा त्या काळात बाहेर राहतो.

दुसरी चूक योगायोगाची. आयपीएलच्या २०२५ च्या हंगामात संजू सॅमसन जखमी झाला आणि राजस्थानने १४ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला उतरवले. काही दिवसांत त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकले. कोणाला कधी दुखापत होईल, हे कोणत्याही सूत्रात बसत नाही.

तिसरी चूक लवकर मिळालेल्या संधीला यशाची हमी समजण्याची. फ्रेडी अडू २००४ मध्ये १४ व्या वर्षी एमएलएसमध्ये उतरला. त्याची तुलना पेलेशी झाली. पुढे तो अनेक देशांतील क्लब बदलत राहिला, पण ती उंची त्याला गाठता आली नाही. सर्वांत लहान वयाच्या पदार्पणाचा त्याचा विक्रम कॅव्हन सुलिव्हनने जुलै २०२४ मध्ये मोडला, तोही शेवटच्या काही मिनिटांसाठी मैदानात येऊन.

चौथी चूक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वर आलेली बहुतेक नावे अशांची आहेत, ज्यांना शेवटी खेळायला मिळाले. ज्यांना मिळाले नाही, त्यांच्या नोंदी कोठेच नसतात. ‘तो इतकी वर्षे थांबला आणि यशस्वी झाला, मग आपणही थांबू’ हा तर्क म्हणूनच धोक्याचा ठरतो.

वाशीममधील पालकांनी काय विचारावे?

अमेरिकी क्लबसारखी आकडेवारी कोणत्याही घरात नसते, पण त्यामागचे प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. अकादमीत किंवा क्लबमध्ये प्रवेश घेण्याआधी मुलाच्या जागेवर आधीच किती जण आहेत आणि त्यांची वये काय, हे विचारावे. संघात चार सलामीवीर असतील, तर पाचव्याला किती डाव मिळतील, हे बोटांवर मोजता येते. वर्षात अधिकृत सामने किती होतात आणि गेल्या वर्षी नव्या मुलांना त्यातील किती मिळाले, हेही विचारावे. ‘सराव रोज असतो’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

मुख्य संघात जागा नसेल तेव्हा तालुका, जिल्हा किंवा क्लब स्तरावर खेळण्याची परवानगी आहे का, हा तिसरा प्रश्न. मोठ्या शहरातील नावाजलेल्या संघाच्या बाकापेक्षा जिल्ह्याच्या संघातील नियमित जागा १५-१६ व्या वर्षी अधिक उपयोगाची ठरू शकते. शाळा-महाविद्यालयाची परीक्षा आणि स्पर्धा एकाच वेळी आल्या तर काय, हे आधीच ठरवून घ्यावे. ज्याचे अंदाज सर्वांत कमी पक्के, त्याच वयात शिक्षणाची दोरी कापू नये.

शेवटचे काम घरातच करता येते. एका वहीत तारीख, सामना, मिळालेली मिनिटे किंवा षटके, खेळलेले चेंडू आणि फलंदाजीचा क्रमांक लिहून ठेवावा. दोन हंगामांनंतर ही वही उघडून पाहावी. आकडे वाढत असतील, तर खर्च आणि प्रतीक्षा यांना आधार आहे. दोन वर्षे ते तेथेच थांबले असतील, तर जागा, संघ किंवा वाट बदलण्याविषयी प्रशिक्षकांशी आणि मुख्य म्हणजे मुलाशी बोलण्याची वेळ आली आहे.